नेहमीच्या मापाचं टोपरं

चहा आधी संपवा. बशीत ओतून घेतलात तरी चालेल, पण संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना घोट तोंडात असला तर शर्ट तुमचा जाईल आणि नावं मला ठेवाल. आधीच आमच्या आळीत मला नावं ठेवणारे कमी नाहीत. आणि माझं खरं नाव काय, ते आत्ता विचारू नका. ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर सगळी मजाच जाईल.

तर, फजिती. साधीसुधी नाही हो! पाळणा टांगून, पाटी लावून, ताटात निरांजन पेटवून केलेली फजिती!

मी एकतीस वर्षं इथल्याच एका कचेरीत आवक-जावक सांभाळलं. आलेलं प्रत्येक पत्र वाचायचं, नोंदवायचं, योग्य टेबलावर पाठवायचं. एकतीस वर्षांत एक कागद चुकीच्या टेबलावर गेला नाही. मला त्याचा अभिमान आहे, किंवा होता म्हणा. दुसऱ्यानं घाईत काही नोंदवलेलं मला खपत नाही. मागे एकदा घरोघरी यादी घेऊन फिरणाऱ्या एका मुलीला, माणूस न बघता नोंद केल्याबद्दल, मी दारातच असं झापलं होतं की बिचारी पाणीसुद्धा न पिता गेली. शेजारच्या सुर्वेवहिनी साक्षीला आहेत.

निवृत्त झाल्यावर हाताला चाळा नव्हता. फोनवर एक बाई क्रोशानं भराभर फुलं विणताना दिसली. म्हटलं, हिला जमतं तर मला का नाही? झालं! एक सुई, चार गुंडे, आणि माझा संसार रंगीत व्हायला लागला.

तुम्ही म्हणाल, रत्नागिरीत लोकर? इथे बाराही महिने बनियन अंगाला चिकटतं. म्हणून मी सुती दोरा घेते. पण रंग मात्र हात राखून नाही! टीव्हीच्या रिमोटला झबलं केलं. मिक्सरला झगा केला. माठाला कमरपट्टा, फ्रिजच्या मुठीला बाही, आणि गॅसच्या सिलिंडरला घेरदार परकर. गॅसवाला नवं सिलिंडर घेऊन आला की आधी मान वळवतो आणि म्हणतो, "काकू, तुम्हीच उतरवा."

आमचे हे गणिताचे मास्तर होते. कमी बोलतात, पण बोलले की लागतं. एकदा पेपर वाचता वाचता आरामखुर्चीत झोपले, आणि जागे झाले तेव्हा मी टेप घेऊन त्यांच्या गुडघ्याचं माप घेत होते.

"मी अजून हलतो," हे म्हणाले. "हलायचा थांबलो की घाल कव्हर."

त्यातून क्रोशाची भाषा ही अशी. साखळी म्हणजे साखळी, खांब म्हणजे उभा टाका. आणि बुटका टाका असतो त्याला म्हणतात मुका खांब. मोजताना 'खांब' कोण म्हणत बसणार? मी पडवीत बसून मोठ्यानं मोजायची, "एक मुका, दोन मुके, साखळी, परत एक मुका…" एकदा ह्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता, तो फाटकातच थबकला.

"आत ये रे," हे म्हणाले. "तिचं मोजून झालं की चहा मिळेल."

सगळं खरं, पण एक सल होती. मी दिलेलं लोक घ्यायचे, "अय्या, किती छान!" म्हणायचे, आणि पुढे ते कुठे जायचं देव जाणे. समोरच्या केळकरकाकूंना पर्स दिली, तिच्यात त्या लसूण ठेवतात. पुण्याच्या लेकीला सहा रुमाल पाठवले, तर फोन आला, "आई, आता पुरे हं." एवढ्या वर्षांत कुणी आपणहून म्हणालं नाही की, ताई, माझ्यासाठी एवढं करून द्या. एकदा तरी कुणी मागावं हो! माणसाला वाटतं की नाही?

आणि मग मागणी आली.

सुर्वेवहिनी आणि आम्ही, मध्ये फक्त कमरेइतका चिऱ्याचा गडगा. दहा वर्षांपूर्वी त्या इथे राहायला आल्या, तेव्हापासून आमची निम्मी आयुष्यं त्या गडग्यावर टेकून गेली. मिस्टर नाहीत. मुलगा प्रसाद आणि सून मृणाल मुंबईला. धाकटा भाऊ बोटीवर असतो, त्याला त्या 'आमचा बोटवाला' म्हणतात. त्याचं आणि वहिनींचं काहीतरी बिनसलं होतं, तो बरीच वर्षं घरी फिरकला नव्हता. एवढंच मला ठाऊक. मी खोदून विचारलं नाही.

मृणालचं मात्र सांगायला हवं. गुणाची पोर. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. कधी हळदीकुंकवाला आली की कुणी ना कुणी विचारायचंच, "मग, काय विशेष?" ती हसायची आणि तिळगूळ घेऊन सटकायची. आता खोटं कशाला बोलू? पहिल्या वर्षी मीही विचारलं होतं. तिचा चेहरा बघितला आणि परत कधी तो विषय काढला नाही. पण मनात यायचंच, हिच्या घरात एकदा पाळणा हलू दे रे बाबा.

जानेवारीतली सकाळ. मी पडवीत विणत होते. गडग्यापलीकडून हाक आली.

"ताई! ओ ताई! ऐकलंत का? बाळ येणार!"

माझ्या हातातला गुंडा सुटून पायरीवरून खाली गेला.

"कुणाकडे?"

"आमच्याकडे हो, आणि कुणाकडे! बुधवारी सकाळच्या गाडीनं. मृणाल घेऊन येत्ये मुंबईहून." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "किती वर्षं वाट बघायला लावलंन. मी तर आशाच सोडली होती."

मग माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गडग्याच्या अलीकडे मी रडत्ये, पलीकडे त्या. दोघींचं कारण वेगळं आहे हे त्या मेल्या गडग्याला तरी काय ठाऊक!

आता तुम्हीच सांगा, 'बाळ येणार, मृणाल घेऊन येत्ये,' यात कुठे चुकायला जागा आहे? मी लगेच हिशेब मांडला. म्हणजे बाळंतपण मुंबईलाच झालं. नऊ महिने एक शब्द नाही! नजर लागेल म्हणून लपवलं असणार, बरोबरच आहे. दिवाळीला मृणाल आली होती तेव्हा सैल कुडता घातलेला, मला तेव्हाच शंका आली होती. खरं तर तेव्हा काही शंका आली नव्हती, पण त्या सकाळी मला ती आल्याचं स्पष्ट आठवलं.

"ताई, एक मागू?" वहिनी म्हणाल्या. "त्याच्यासाठी तुमच्या हातची एक टोपी कराल? आणि मोजे. मृणाल सांगत होती, पाय नुसते बर्फ असतात."

मागणी! माझ्या क्रोशाच्या आयुष्यातली पहिली मागणी!

"माप?" मी विचारलं. बघा हं, विचारलं होतं.

"माप काय, नेहमीचंच!" आणि आत काहीतरी करपलं म्हणून त्या धावल्या.

नेहमीचंच. झालं ना मग? त्या टोपी म्हणाल्या, मी टोपरं ऐकलं. मूठभर डोक्याचं, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांचं. त्या मोजे म्हणाल्या, मी अंगठ्याएवढे बूट विणायला घेतले.

दुसऱ्या दिवशी गडग्यावर पुन्हा चौकशी केली. काम म्हटलं की मी पूर्ण माहिती घेते.

"तब्येत कशी आहे? वजन?"

"वजन कसलं हो, नुसती हाडं. दवाखान्यातून आत्ता कुठे सोडलंय. चार दिवस आयसीयूत होता."

एवढ्याशा जिवाला आयसीयू! पण 'होता' म्हणाल्या ते मी बरोबर टिपलं. होता! म्हणजे मुलगा! एवढीशी चूक मी कधी करत नाही. निळा दोरा काढायचा ठरवला.

"दूध पचतं का?"

"दूध पचतं. आणि पेज, मऊ भात. दुसरं देणार काय? दात आहेत कुठे तोंडात!"

"अहो, पण एवढ्यात पेज?"

"डॉक्टरच म्हणाले, द्या म्हणून."

हल्लीचे डॉक्टर! मी मनात म्हटलं, जाऊ दे, हवापालट झाला की सुधारेल.

"झोप?"

"कसली झोप? रात्रभर जागा, आणि घरात कुणाला डोळा लावू देत नाही. मृणालचे हाल झाले. पण तोंडातून एक शब्द नाही हो पोरीच्या. स्वतःचं असल्यासारखं केलंन सगळं."

'असल्यासारखं' हा शब्द माझ्या कानावरून गेला. मी तो आवक रजिस्टरला घेतलाच नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपरमागूनच म्हणाले, "नीट विचारलंस ना?"

"एकतीस वर्षं…" मी सुरुवात केली.

"बरं बरं," हे म्हणाले.

मग मी जी बसले ती बसलेच. टोपऱ्याला निळ्यावर पिवळी झालर, वर पांढरा गोंडा. बुटांना लाल बंद. छातीला वारा लागू नये म्हणून चौकोन जोडून पांघरूण, प्रत्येक चौकोन वेगळ्या रंगाचा. शिवाय पाळण्यावर टांगायला मासे! सगळे टांगतात चिमण्या. आमचं बाळ मांडवीच्या समुद्राकाठच्या आळीत येणार, त्याला पापलेट नको ओळखायला? दोन पापलेटं, एक सुरमई आणि एक कोळंबी. कोळंबीच्या मिशा करताना मान धरली, पण केल्या. जेवताना सुई अंबाड्यात खोचलेली, पानावरून उठलं की परत हातात.

आणि या सगळ्यात मी फक्त एकीलाच सांगितलं. केळकरकाकूंना. खरंच फक्त एकीला! आता केळकरकाकूंना सांगणं म्हणजे पाटीवर लिहून देवळाबाहेर लावणं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण आनंदाची बातमी होती हो, पोटात राहीना.

आणि पुढे काय झालं ते बघा. आळीतल्या बायका एकेक करून सुर्वेवहिनींना गाठायला लागल्या.

"वहिनी, बाळ येणार म्हणे!"

"हो ना! बुधवारी!"

"देवाला डोळे आहेत बघा."

"खरंच आहेत हो!"

कुणाला कुठे अडखळायला झालं नाही. एकीनं डिंकाचे लाडू दिले, वहिनी म्हणाल्या, "वा, हाडांना ताकद येईल." एकीनं मालिशचं तेल दिलं, वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, चोळायला लागणारच आहे." संध्याकाळी त्या गडग्यावर आल्या.

"ताई, आळीला माझ्या बाळाचं एवढं कौतुक असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

"असं काय म्हणता? तुमचं बाळ ते आळीचं बाळ," मी म्हणाले. मी! या तोंडानं!

बुधवारी सकाळी वहिनी रिक्षा करून स्टेशनवर गेल्या. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. "पेज तेवढी शिजवून ठेवा, ताई."

आम्हाला तेच हवं होतं. रिक्षा वळणाआड गेली आणि केळकरकाकू पाळणा घेऊन निघाल्या. त्यांच्या माळ्यावरचा, शिसवी, चार बायकांनी धरून आणला. वहिनींच्या माजघरात कडी होतीच. पाळणा टांगला, आत पांघरूण, त्यावर टोपरं, त्याशेजारी बूट. वर पापलेटं फिरायला लागली. दाराला मी विणलेलं तोरण. ह्यांच्याकडून पुठ्ठ्यावर पाटी लिहून घेतली, 'बाळाचे स्वागत असो'. मास्तरी अक्षर, रेघ मारल्यासारखं.

"ओटीचं झालं?" मी विचारलं.

"झालं," केळकरकाकू म्हणाल्या. "खण, नारळ, तांदूळ. मृणालची पहिल्यांदा भरायची. फार सोसलंन गं पोरीनं."

बायका डोळे पुसायला लागल्या. मी ताट घेतलं, निरांजन लावलं, भाकरतुकडा घेतला आणि पायरीवर उभी राहिले. मान माझा होता. बातमी माझी ना!

रिक्षा आली.

आधी सुर्वेवहिनी उतरल्या. मग मृणाल उतरली, हातात दोन पिशव्या. पिशव्याच. मी म्हटलं, बाळाला आत एकटं ठेवलंन की काय हिनं? ताट सांभाळत पुढे झाले आणि रिक्षात डोकावले.

आत एक गृहस्थ. साठीचे. काटकुळे, उंच, डोक्यावर एक केस नाही. ते घडी उलगडावी तसे हळूहळू बाहेर आले.

"बाळ कुठाय?" मी विचारलं.

"मीच," ते म्हणाले.

"तुम्ही कोण ते नाही हो. बाळ, बाळ!"

"हो. मीच बाळ." आणि त्यांनी हात जोडले. "तुम्ही शेजारच्या ताई ना? आक्कानं फोनवर सांगितलंय तुमच्याबद्दल."

आक्का म्हणजे सुर्वेवहिनी. त्यांचा धाकटा भाऊ. बोटवाला. घरी त्याला बाळ म्हणतात! सतरा वर्षांनी येणारा बाळ, दवाखान्यातून सुटलेला बाळ, दात नसलेला, केस नसलेला, रात्रभर खोकणारा बाळ! सगळ्या नोंदी बरोबर होत्या. फक्त टेबल चुकलं होतं.

माझ्या हातात निरांजन, आणि मला ते कुणाला ओवाळायचं तेच कळेना.

हसताय काय? त्या वेळी कुणी हसत नव्हतं. कारण मृणाल माझ्या शेजारून दारापर्यंत गेली होती. तिला माजघर दिसलं. पाळणा दिसला, त्यातलं टोपरं दिसलं. पुढे केळकरकाकू खण-नारळ घेऊन उभ्या. पोर तिथेच थांबली. हातातल्या पिशव्या तिनं खाली ठेवल्या नाहीत, नुसती उभी राहिली.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला गडग्याखाली पुरून घ्यावंसं वाटलं. नऊ वर्षं ज्या प्रश्नापासून ही पळत्ये, तो प्रश्न मी पाळण्यासकट तिच्या घरात टांगून ठेवला होता.

"ताई," सुर्वेवहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही काय समजलात?"

मी निरांजनाची वात सारखी करायला लागले. तेवढ्यात बाळराव आमच्यामधून वाट काढत आत गेले. पाटी वाचली. पाळण्याकडे बघितलं. मृणालकडे बघितलं. माणूस चाळीस वर्षं बोटीवर काढलेला, वारा कुठून आहे ते त्याला लगेच कळलं असणार. पाळण्यात हात घालून त्यांनी ते टोपरं उचललं आणि टकलावर ठेवलं. ते मधोमध एवढंसं बसलं. नाड्या कानांपर्यंतसुद्धा पोचेनात.

"मृणाल," ते म्हणाले, "बघ. तू म्हणत होतीस ना, मामा, तिकडे कुणी ओळखणारसुद्धा नाही? अगं, यांनी माझं बारसं काढलंय!"

मृणाल वळली.

"आईला आम्ही पाच," ते बायकांना सांगायला लागले. "चौघांची नावं ठेवून घर दमलं. माझ्या वेळी म्हणाले, ठेवू सावकाश. तोवर बाळ म्हणू. शाळेत घातलंनी तेव्हा मास्तरांनी तेच लिहून घेतलंन. पाळण्यात घालून नाव ठेवायचं ते राहूनच गेलं. आता पाळणा आहे, तुम्ही आहात, टोपरं आहे. घ्या उरकून! फक्त मला आत बसायला सांगू नका, कडी तुटेल."

मृणालला आधी हसू फुटलं. मग रडू आलं, मग परत हसू. मग सुर्वेवहिनी. मग सगळी आळी. केळकरकाकूंनी तर हसता हसता खणातले तांदूळ सांडले. मी बाळरावांना ओवाळलं. भाकरतुकडा त्यांच्यावरूनच टाकला. मागे पडवीत हे पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "पाटी मात्र बरोबर आहे हं."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले, पेजेचं निमित्त काढून. मृणाल मागोमाग आली.

"माझं चुकलं गं पोरी," मी म्हणाले. "फार चुकलं. मी कुणाला तोंड दाखवू?"

तिनं माझ्या हातातली पळी घेतली. मग म्हणाली, "काकू, खोटं नाही सांगत. पाळणा बघितला तेव्हा मला आत लागलं."

"लागणारच गं."

"पण एक सांगू? नऊ वर्षं सगळे माझ्यासाठी काहीतरी जपून ठेवतात. दुपटी, वाळे, चांदीची वाटी. सगळं येणाऱ्या बाळाचं. माझं असं कुणी काहीच करत नाही." तिनं पेज ढवळली. "मला करा ना एखादी शाल. मोठ्या मापाची. लाल."

मी मान हलवली. दुसरी मागणी! आणि या वेळी मी टेप काढून, खांद्यापासून खांद्यापर्यंत, तिचं माप तिथेच घेतलं. दोनदा.

मग पडवीत चहा झाला. बाळराव पांघरूण गुडघ्यांवर घेऊन बसलेले, डोक्यावर ते टोपरं तसंच. पेजेच्या आधी त्यांनी कवळी काढली होती, ती एका बुटात घालून ठेवली. दुसऱ्या बुटात चष्मा. "काय सोय केल्येत!" म्हणत होते, आणि थट्टा नव्हती त्यात. एवढ्या वर्षांत माझं काम असं ताबडतोब वापरात घेणारा पहिला माणूस. मला हळूहळू धीर यायला लागला. म्हटलं, सुटले. लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील.

तेवढ्यात ते म्हणाले, "ताई, आक्का तुम्हाला ताईच म्हणते. नाव नाही कळलं तुमचं."

"राहू द्या हो नावाचं," मी म्हणाले. "अजून चहा घालू?"

"असं कसं? टोपरं घातलं, ओवाळलं, आणि नाव नको?"

सुर्वेवहिनींनी तोंडाला पदर लावला. केळकरकाकू छपराची कौलं मोजायला लागल्या. हे पेपरमागे गेले, पण पेपर हलत होता.

"सांग की," पेपरमागून आवाज आला.

"बेबी," मी म्हणाले.

"काय?"

"बेबी. कागदोपत्रीसुद्धा तेच. आम्ही सहा बहिणी. मी शेवटची. माझ्याही वेळी म्हणाले होते, ठेवू सावकाश."

बाळरावांनी कप खाली ठेवला. माझं वय एकसष्ट. एकतीस वर्षं कचेरीत माझ्या टेबलावर 'श्रीमती बेबी' अशी पाटी होती. आणि बाळ हे मोठ्या माणसाचं नाव असू शकतं, हे अख्ख्या आळीत मला एकटीला सुचायला हवं होतं.

"ताई, त्या यादीवाल्या मुलीचं सांगा ना," सुर्वेवहिनी पदरातून म्हणाल्या.

मी नाही सांगितलं. त्यांनीच सांगितलं. ती मुलगी लहान मुलांना डोस द्यायला आली होती. यादीत बघून म्हणाली, "इथे बेबी म्हणून आहे ना? घेऊन या, तोंडात दोन थेंब घालायचेत." आणि मी तिला अर्धा तास ऐकवलं होतं. काय ऐकवलं होतं, तेही वहिनींना शब्दन् शब्द पाठ. "नावावरून वय ठरवता? जरा माणूस डोळ्यांनी बघा, मग नोंद करा!"

बाळरावांनी सावकाश टोपरं काढलं आणि मृणालच्या हातात दिलं. मृणाल उठली, माझ्या मागे आली, अंबाड्यातली सुई काढली आणि टोपरं अंबाड्यावर चढवलं. नाड्यांची गाठसुद्धा मारली.

तिथे मात्र ते अगदी बरोबर बसलं.